आधी कोणाला? : तातडीच्या शुश्रूषेतील ज्ञानाचा इतिहास

एकाच वेळी अनेक आजारी वा जखमी माणसे दाराशी येतात तेव्हा कोणाला आधी हात लावायचा आणि कोणाला थांबवायचे हे ठरवण्याच्या पद्धतीला वैद्यकात ‘ट्रायेज’ म्हणतात; श्वास किंवा हृदयाची क्रिया बंद पडलेल्या, अथवा बंद पडण्याच्या बेतात असलेल्या माणसाला सावरण्यासाठी लगोलग जे उपाय केले जातात त्यांना पुनरुज्जीवन असे नाव आहे. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका या देशांतील रुग्णालयांत आज यांपैकी पहिले काम मुख्यत्वे परिचारिकेचे समजले जाते आणि दुसऱ्याचा आरंभही बहुधा तिच्याच हातून होतो, कारण त्या क्षणी रुग्णाच्या जवळ तीच असते. असे असूनही या दोन विद्यांचा इतिहास सांगायला घेतला की नावे येतात ती शल्यविशारदांची आणि शोधकांची. उपलब्ध वृत्तान्त बारकाईने वाचले तर वेगळा क्रम दिसतो: परिचारिकांनी हे ज्ञान आधी कमावले, ते वापरण्याची मुभा त्यांना नंतर मिळाली, आणि ती मुभाही डॉक्टर वेळेवर पोहोचूच शकत नाही हे मान्य करणे भाग पडले तेव्हाच मिळाली.

जखमींची तातडीनुसार निवड करण्याच्या पद्धतीचा जनक म्हणून दोमिनिक-जाँ लारी (१७६६–१८४२) याचे नाव घेतले जाते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या युद्धांत ऱ्हाईन नदीवरच्या सैन्यात काम करताना, लढाई संपेपर्यंत जखमींना रणांगणातच पडू देण्याची जुनी रीत त्याने मोडली आणि त्यांना तत्काळ उचलून आणणारी हलकी, घोड्यांनी ओढायची वाहने सुरू केली. पुढे नेपोलियनच्या रक्षकदलाचा प्रमुख शल्यवैद्य झाल्यावर १८१२ च्या रशियन मोहिमेच्या आठवणींत त्याने हा नियम स्पष्ट शब्दांत नोंदवला की ज्याची जखम सर्वांत धोक्याची त्याच्यावर हुद्दा न पाहता प्रथम उपचार व्हावेत. सरदाराआधी शिपायाची जखम बांधली जाणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. मात्र लारीच्या व्यवस्थेत निवड करणारा स्वतः शल्यवैद्य होता. शुश्रूषा करणाऱ्यांचा निर्णयाशी संबंध नव्हता.

तो संबंध क्रिमियाच्या युद्धात जुळला, आणि तोही ज्या बाजूकडे मराठी वाचकाचे लक्ष सहसा जात नाही त्या बाजूला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ स्त्रियांसह स्कुटारीच्या ब्रिटिश इस्पितळात पोहोचली, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याच सुमारास रशियाच्या राजघराण्यातील एलेना पावलोव्हना हिने शुश्रूषा करणाऱ्या भगिनींचा एक संघ उभा केला आणि निकोलाय पिरोगोव्ह (१८१०–१८८१) या शल्यविशारदाच्या देखरेखीखाली तो वेढ्यात सापडलेल्या सेव्हास्तोपोलकडे पाठवला. युद्ध म्हणजे जखमांची साथ आहे आणि साथीत उपचारांपेक्षा व्यवस्थेने अधिक जीव वाचतात, अशी पिरोगोव्हची धारणा होती. सरदारांच्या सभागृहात थाटलेल्या मुख्य मलमपट्टी केंद्रात पूर्वी जो ज्या क्रमाने येई त्या क्रमाने त्याच्याकडे पाहिले जाई, आणि त्यामुळे किरकोळ जखमांत शल्यवैद्यांचा वेळ जाऊन गंभीर जखमी तसेच पडून राहत. पिरोगोव्हने येणाऱ्यांचे गट पाडले: ज्यांची आशाच नाही असे, ज्यांच्यावर ताबडतोब शस्त्रक्रिया हवी असे, ज्यांची शस्त्रक्रिया थोडी लांबवता येईल असे, आणि पट्टी बांधून परत पाठवण्याजोगे. भगिनींमध्येही त्याने कामाची वाटणी केली; पट्ट्या बांधणाऱ्या वेगळ्या, औषधे सांभाळणाऱ्या वेगळ्या, कोठीघर पाहणाऱ्या वेगळ्या. आशा सोडलेल्यांचा गट त्याने भगिनी आणि धर्मगुरू यांच्याकडे सोपवला. या वाटणीचा एक परिणाम असा, की शल्यवैद्याने ज्याचे नाव यादीतून काढले आहे त्या माणसाजवळ तासन्‌तास बसून राहणारी एकमेव व्यक्ती परिचारिका ठरली. आणि चुकून त्या गटात गेलेल्याच्या नाडीत पुन्हा जोर आला तर ते कळण्याची शक्यता तिलाच होती.

निवडीची व्यवस्था नसली म्हणजे काय होते याचे उदाहरण भारतीय सैन्याच्या, आणि त्यात मराठी शिपायांच्याही, इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जनरल टाउनशेंडच्या हाताखाली लढलेली ६ वी डिव्हिजन ‘पुणे डिव्हिजन’ म्हणून ओळखली जाई आणि तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईत या फौजेचे चार हजारांहून अधिक लोक मृत वा जखमी झाले. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीकाठी आणून आगबोटींवर आणि त्यांना बांधलेल्या पडावांवर दाटीवाटीने घालण्यात आले. मांडीचे हाड मोडलेला, आमांशाने गळून गेलेला आणि हाताला गोळी चाटून गेलेला, असे सगळे एकाच फळीवर, पुरेशा पांघरुणाविना, तैग्रिस नदीतून अनेक दिवसांचा प्रवास करत बसऱ्याला आले. ‘मजीदिया’ नावाची अशी एक बोट धक्क्याला लागताना मेजर मार्कहॅम कार्टर या इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकाऱ्याने पाहिली, त्याबद्दल वरिष्ठांकडे तक्रार केली आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली. पुढे चौकशी आयोगासमोर त्याची साक्ष झाली आणि १९१७ मध्ये आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाल्यावर ब्रिटनमध्ये भारतमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. राजकीय परिणामांची चर्चा पुष्कळ झाली आहे. शुश्रूषेच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते इतकेच, की जखम होण्याची जागा आणि इस्पितळ यांच्यामध्ये रुग्णाकडे पाहून काही ठरवणारा, अर्धमेल्याला ऊब देणारा, पट्टी बदलणारा माणूस जवळजवळ कुठेच नेमलेला नव्हता.

त्याच युद्धाच्या पश्चिम आघाडीवर चित्र बरेच वेगळे होते. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये आघाडीपासून काही मैलांवर शल्यकेंद्रे उभी राहिली आणि त्यांच्या स्वागतकक्षात जखमींची छाननी होऊ लागली. ‘ट्रायेज’ हा फ्रेंच शब्द लष्करी वैद्यकात रुळला तो याच काळात. या कामाचे सर्वांत जवळून केलेले वर्णन मेरी बोर्डेन या स्त्रीने लिहिले आहे. ती शिकागोच्या श्रीमंत घराण्यातली, रीतसर शिक्षण न घेतलेली स्वयंसेविका होती. तिने स्वतःच्या खर्चाने फ्रेंच सैन्यासाठी एक फिरते शल्यरुग्णालय उभे केले आणि त्या अनुभवांवरचे तिचे पुस्तक १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले. स्ट्रेचर जमिनीवर ओळीने मांडली जात, आणि कोणाला आधी शस्त्रक्रियागृहात न्यायचे, कोण थांबू शकेल, कोणाला नेण्यात अर्थ उरलेला नाही हे तिला एकटीने ठरवावे लागे. विचारायला जवळ कोणी नसे, आणि अंदाज चुकला तर त्याचा परिणाम तिच्या डोळ्यांसमोर तिथेच दिसे. तिने नोंदवलेला एक तपशील वैद्यकीय पाठ्यपुस्तकात सापडणार नाही असा आहे. आणले जाणारे सगळेच गारठलेले असत, त्यामुळे अंग थंड लागणे ही खूण निरुपयोगी होती. परंतु बाहेरच्या थंडीने गार पडलेली कातडी आणि आतून जीव ओसरू लागल्यामुळे येणारा गारवा यांतला फरक तिचा हात हळूहळू ओळखू लागला.

हा फरक म्हणजे आज ज्याला ‘शॉक’ म्हणतात त्या अवस्थेची ओळख होय. रक्तस्राव वा अन्य कारणाने शरीरातील रक्ताभिसरण अपुरे पडले की त्वचेकडचा पुरवठा आखडतो, कपाळावर चिकट घाम येतो, नाडी बारीक आणि जलद होते, माणूस अस्वस्थ होऊन नंतर एकदम शांत होतो; ही शांतता फसवी असते. ब्रिटिश शल्यकेंद्रांत अशा जखमींसाठी पुनरुज्जीवनाचा स्वतंत्र तंबू किंवा कक्ष ठेवला जाई. तिथे भूल देण्याजोगी ताकद येईपर्यंत रुग्णाला सावरायचे काम बहुतांशी परिचारिकांचे होते: ओले कपडे कापून काढणे, गरम पाण्याच्या बाटल्या लावणे, स्ट्रेचरचा पायाकडचा भाग उंच करणे, मिठाचे पाणी शिरेतून, त्वचेखालून किंवा गुदद्वारातून देणे. १९१७ मध्ये ऑस्वाल्ड रॉबर्टसन या अमेरिकन डॉक्टरने सायट्रेट घालून साठवलेले रक्त आघाडीजवळ वापरून दाखवल्यावर रक्त देण्याची तयारी आणि त्यानंतरची देखरेख यांचीही त्यात भर पडली. याच केंद्रांत मरणोन्मुखांचाही वेगळा कक्ष असे. पिरोगोव्हच्या व्यवस्थेबद्दल वर जी शक्यता म्हटली ती इथे प्रत्यक्षात उतरलेली दिसते, कारण त्या कक्षातून सावरू लागलेला जखमी शोधून त्याला पुन्हा शल्यवैद्यापुढे नेल्याच्या हकिकती परिचारिकांच्या लिखाणात आढळतात. युद्ध संपले आणि हे सगळे कौशल्य शांततेच्या काळातील रुग्णालयात परतल्यावर जणू विसरले गेले. तिथे परिचारिकेने नाडी मोजावी, तक्त्यावर लिहावी आणि डॉक्टरांना कळवावे, एवढीच तिची हद्द राहिली.

पुनरुज्जीवनाची विद्या निराळ्या वाटेने आली आणि तिचा आरंभ रुग्णालयाबाहेर, पाण्यात बुडालेल्यांपासून झाला. कालव्यांच्या ॲम्स्टरडॅम शहरात १७६७ मध्ये बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था निघाली आणि १७७४ मध्ये लंडनमध्ये तशीच दुसरी. भात्याने हवा भरण्यापासून गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडण्यापर्यंत नाना उपाय त्या काळी सुचवले गेले. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात हात वर-खाली करण्याच्या किंवा पालथे निजवून पाठ दाबण्याच्या पद्धती चालल्या, ज्यांतून फुप्फुसात फारच थोडी हवा जाई. १९५० च्या दशकात जेम्स एलम आणि पीटर साफर यांनी तोंडाने तोंडात श्वास भरण्याची श्रेष्ठता प्रयोगांनी सिद्ध केली, आणि १९६० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील कूवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता, उरोस्थीवर तालबद्ध दाब देऊन हृदयाचे कार्य काही काळ चालवता येते असे दाखवले. त्याआधी हृदय बंद पडले तर छाती कापून ते हाताने दाबणे हा एकच मार्ग होता आणि तो अर्थातच शल्यवैद्याचा होता. आता केवळ दोन हात पुरेसे ठरले. ते कोणाचे असावेत, हा प्रश्न मात्र लगेच सुटला नाही.

हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या पहिल्या काही तासांत हृदयाचे स्नायू एकत्र आकुंचन पावण्याऐवजी विस्कळीतपणे थरथरू लागतात आणि रक्त पुढे ढकलले जाणे थांबते. ही थरथर विजेच्या झटक्याने थांबवता येते, पण मेंदूला रक्त न मिळाल्यास ४ ते ५ मिनिटांत त्याची कायमची हानी सुरू होते. १९६१ मध्ये डेस्मंड ज्युलियन या ब्रिटिश डॉक्टरने असे मांडले, की अशा रुग्णांचा हृदयालेख इशारा देणाऱ्या यंत्राला सतत जोडलेला असावा आणि डॉक्टरांसह परिचारिका व इतर साहाय्यकांनाही छाती दाबण्याचे शिक्षण द्यावे. १९६२ मध्ये ह्यूज डे याने अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या बेथनी रुग्णालयात अशा रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष उघडला. यंत्रे आली, कक्ष आले. तरी इशारा वाजल्यावर परिचारिकेने फोन उचलून डॉक्टरला बोलवायचे आणि वाट पाहायची, असा क्रम राहिला तर सारा खर्च वाया जाणार हे उघड होते. फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात लॉरेन्स मेल्टझर याने ही गाठ सोडवली. कक्षात डॉक्टर चोवीस तास हजर राहू शकत नाही, तेव्हा तिथे कायम असणारी परिचारिका हीच उपचारांचा कणा मानली पाहिजे, या गृहीतकावर त्याने सगळी रचना केली. रोझ पिनिओ या परिचारिकेने शिक्षणाची आखणी केली. हृदयालेखातील धोक्याची लय ओळखणे, ती थरथर आहे की केवळ सुटलेल्या तारेची गडबड आहे हे ताडणे, आणि डॉक्टर येण्याआधी स्वतः विजेचा झटका देणे, हे परिचारिका शिकल्या. १९६५ मध्ये मेल्टझर, पिनिओ आणि किचेल यांनी मिळून परिचारिकांसाठी जे पुस्तक काढले त्यात हृदयविकाराचे निदान आणि उपचार यांची चर्चा परिचारिकेला निर्णय घेणारी व्यक्ती मानून केलेली होती.

या घटनेचे मोल पुरेसे ओळखले गेलेले नाही. त्याआधी इंजेक्शन देणे काय किंवा रक्तदाब मोजणे काय, डॉक्टरांची कामे एकेक करून परिचारिकांकडे सरकत होती. पण ती सर्व आज्ञेनुसार करायची कामे होती. इथे प्रथमच निदान आणि उपचार दोन्ही, तेही चुकल्यास प्राणावर बेतणारे, तिच्या हाती रीतसर देण्यात आले. वैद्यकीय कायद्याच्या दृष्टीने हे डॉक्टरांच्या अधिकारक्षेत्रातले कृत्य ठरत होते, म्हणून डॉक्टर आणि परिचारिका यांच्या संघटनांना त्यावर भूमिका घ्यावी लागली. बफेलो शहरातील अनिता डॉर या परिचारिकेने १९६८ मध्ये तातडीच्या उपचारांची सारी सामग्री एकाच गाड्यावर, लागेल त्या क्रमाने मांडून ठेवण्याचा नमुना तयार केला. आज प्रत्येक वॉर्डात दिसणाऱ्या इमर्जन्सी ट्रॉलीच्या पूर्वजांत त्याची गणना होते. याच डॉरने कॅलिफोर्नियाच्या ज्युडिथ केलेहर हिच्यासह १९७० मध्ये आपत्कालीन परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली.

रुग्णालयाच्या दारातील ट्रायेजही याच दशकांतले. अमेरिकेत साठच्या दशकात तातडीची नसलेली माणसेही आपत्कालीन विभागात गर्दी करू लागली, तेव्हा लष्करातली छाननी नागरी रुग्णालयात आली. रणांगणावरच्या छाननीपेक्षा हिचा हेतू मुळातच निराळा होता. रणांगणावर साधने इतकी तुटपुंजी असतात की काहींना सोडून द्यावे लागते. रुग्णालयाच्या दारात कोणालाच सोडायचे नसते, फक्त कोणी किती वेळ थांबावे हे ठरवायचे असते. प्रारंभी तातडीचा, कमी तातडीचा, बिनतातडीचा असे तीनच गट असत आणि कोण कुठे बसते हे त्या त्या परिचारिकेच्या अंदाजावर अवलंबून राही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नचे बॉक्स हिल आणि क्वीन्सलँडमधील इप्सविच येथील रुग्णालयांत पाच पायऱ्यांच्या श्रेणी तयार झाल्या आणि त्यांतून १९९० च्या दशकात राष्ट्रीय श्रेणी आली, जिच्यानुसार पहिल्या गटातील रुग्णाला तत्क्षणी आणि पुढच्या चार गटांतील रुग्णांना अनुक्रमे १०, ३०, ६० व १२० मिनिटांच्या आत डॉक्टरांनी पाहावे असे ठरले. ब्रिटनमध्ये १९९४ साली मँचेस्टरमधील डॉक्टर आणि परिचारिका यांचा गट स्थापन झाला व त्यांनी रंगांची पद्धत बसवली: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा.

मँचेस्टर पद्धतीचे कार्य जरा जवळून पाहण्याजोगे आहे. ती निदान विचारत नाही. छातीत दुखते म्हणून माणूस आला तर परिचारिका त्या तक्रारीचा तक्ता उघडते आणि प्रश्नांची उतरंड वरून खाली तपासते: श्वासमार्ग धोक्यात आहे का, श्वास अपुरा आहे का, शॉकची लक्षणे आहेत का, यांपैकी एकाचेही उत्तर होय असेल तर रंग लाल आणि चौकशी तिथेच संपते. तसे नसेल तर वेदना हृदयाची वाटते का, तिची तीव्रता किती, असे करत ती खाली उतरते आणि पहिल्या होकारावर थांबते. काही मिनिटांचे हे काम आहे. त्याचा मोठा लाभ असा, की रात्रपाळीची नवखी परिचारिका आणि वीस वर्षे विभागात घालवलेली सिस्टर यांचे निर्णय एकमेकींच्या जवळ आले आणि चूक झाली तर ती कुठे झाली हे दाखवता येऊ लागले. तोटाही झाला. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन अभ्यासिकेने १९८४ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते की मुरलेली परिचारिका नियमांची यादी मनात म्हणत बसत नाही, ती समोरचे चित्र एकसंध पाहते आणि काहीतरी बिघडते आहे हे आकडे बदलण्यापूर्वीच तिला जाणवते. बोर्डेनच्या हाताला कळणारा गारवा तक्त्यात बसत नाही. म्हणूनच चांगल्या पद्धतींनी अनुभवी परिचारिकेला रुग्णाचा गट स्वतःच्या जबाबदारीवर वर चढवण्याची मोकळीक ठेवली आहे. तातडी कमी लेखणे हे जास्त लेखण्यापेक्षा अधिक घातक असते, हा त्यामागचा हिशेब.

पुनरुज्जीवनाच्या ज्ञानापुढची अडचण वेगळी आहे, आणि ती म्हणजे ते बदलत राहते. छातीवरील १५ दाबांनंतर २ श्वास असा क्रम शिकलेल्या परिचारिकेला २००५ नंतर ३० दाब व २ श्वास हा क्रम आत्मसात करावा लागला. २०१० मध्ये मोठ्यांच्या बाबतीत आधी श्वासमार्ग हा दंडक उलटून आधी छातीवरचे दाब असे ठरले. दाबांची गती मिनिटाला १०० ते १२० आणि खोली ५ ते ६ सेंटिमीटर ही मर्यादा २०१५ मध्ये निश्चित झाली. शिवाय हे कौशल्य वापरले नाही तर फार लवकर बोथट होते. प्रशिक्षणानंतर अवघ्या काही महिन्यांतच दाबांची खोली आणि गती घसरू लागते, असे अनेक देशांतील पाहण्यांत आढळले आहे, आणि ही घसरण पुस्तकी उत्तरे अजून बरोबर येत असतानाही होते.

भारतात हा प्रवास उशिरा सुरू झाला. आपल्याकडच्या ‘कॅज्युअल्टी’त वैद्यकीय अधिकारी केसपेपरवर लिहितो, पोलीस प्रकरण असल्यास त्याची नोंद होते आणि सिस्टर सांगितलेले उपचार देते, हीच रीत दीर्घकाळ चालली. आपत्कालीन वैद्यक या विषयाला पदव्युत्तर शाखा म्हणून मान्यता मिळाली ती २००९ मध्ये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो, त्यामुळे परिचारिकेचे काम रुग्णालयाच्या दाराशी सुरू होते. कोविडच्या साथीत मुंबई महानगरपालिकेने प्रत्येक विभागात वॉर रूम उघडून खाटांची वाटणी रुग्णाच्या अवस्थेनुसार केली, तेव्हा रुग्णांची तातडीनुसार प्रतवारी ही कल्पना सामान्य कुटुंबांपर्यंत प्रथमच पोहोचली. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बी. एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाचे प्राथमिक प्रशिक्षण प्रौढ रुग्णांच्या शुश्रूषेच्या विषयातच समाविष्ट झाले आहे. हे पाऊल योग्य आहे. पण पुनरुज्जीवनाच्या प्रचलित प्रमाणपत्रांची मुदत सामान्यतः २ वर्षांची असते, आणि तेवढा काळ हाताची सवय टिकत नाही. म्हणून दर तिमाहीला पुतळ्यावरचा सराव वॉर्डाच्या वेळापत्रकातच बसवणे आणि दारात ठरलेली प्रतवारी केसपेपरवर परिचारिकेच्या सहीने नोंदवणे, ही दोन कामे रुग्णालय प्रशासनांनी नवीन निधीची वाट न पाहता हाती घ्यावीत.